कार्डं काकांकडे आहेत

जहाजाच्या सहलीला कुटुंब घेऊन निघालेल्या माणसांना मी सगळ्यात आधी कार्डाचं सांगते. मी सहलींच्या ऑफिसात काम करते. माझ्या समोरच्या खुर्च्यांत आजवर कितीतरी कुटुंबं बसून गेली आणि त्यातली निम्मी माणसं माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी सांगते. जहाजावर चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, आणि बंदरावर उतरताना, परत चढताना तेच मशीनला दाखवायचं. ते ज्याचं त्याच्या गळ्यात असू द्या, पोराचं पोराच्या, आजीचं आजीच्या. मग समोरचा बाप हमखास हसतो आणि म्हणतो, "छे, हरवतील. सगळ्यांची माझ्याकडेच ठेवतो." अशा वेळी मला काकू आठवते आणि मी गप्प बसते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा.

काकू म्हणजे माझ्या सख्ख्या काकांची बायको. काकांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. रस्त्याला लागून, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवर उतरायचं, एवढंसं. काका कुलपं उघडायचे, दुरुस्त करायचे, लोकांच्या घरी जाऊन नवी बसवायचे. किल्ल्या कापायचं काम काकूचं. लग्न होऊन आली तेव्हा नुसतं गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं म्हणे. पण काकांचा हात जाड, त्यांनी कापलेली किल्ली कुलपात जायची आणि रुसून बसायची. काकूने एकदा बसल्या बसल्या कानस घेऊन अशीच एक रुसलेली किल्ली सरळ केली, आणि तेव्हापासून मशीन तिच्याकडे आलं. मूळ किल्ली एका चिमट्यात, कोरी दुसऱ्या चिमट्यात, मग तो कर्कश आवाज, मग ब्रशने भुगा झटकायचा, मग किल्ली डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटून बघायची. तिच्या पदरावर कायम पितळेची चमचम असायची. जेवायला वाढताना ती ताटात पडते की काय, म्हणून मी लहानपणी आधी ताट निरखून घ्यायचे.

अख्ख्या वस्तीला डुप्लिकेट किल्ल्या करून देणाऱ्या या बाईकडे स्वतःच्या घराची किल्ली नव्हती.

यात दुष्टपणा कुणाचा नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर काकांबद्दल भलतंच मत व्हायचं. काका प्रेमळ माणूस. काकूचे पाय दुखले तर भर बाजारात तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर टाकतील. पण दुकान नवीन असताना कुणीतरी चोरलेली किल्ली आणून त्यांच्याकडून डुप्लिकेट करून घेतली होती आणि पुढे पोलीस दुकानात आले होते. त्या दिवसापासून काकांनी डुप्लिकेटचा धसका घेतला. धंदा डुप्लिकेटचा आणि धसकाही डुप्लिकेटचाच. घरापुरता त्यांनी नियम केला, एका कुलपाला एकच किल्ली, आणि ती त्यांच्या कमरेला. काकू बाजारातून लवकर आली तर काका येईपर्यंत शेजारच्यांच्या पायरीवर बसायची. दुपारी काका काकूला घरी सोडून कामावर गेले, तर दाराला बाहेरून कुलूप लावून जायचे. "कुलूप दिसलं की कुणी उगाच दार वाजवत नाही, तुझी झोप मोडत नाही," म्हणायचे. मी एकदा कॉलेजातून तडक तिच्याकडे गेले तर दाराला कुलूप आणि आतून काकूचा आवाज, "कोण आहे गं? काका चारपर्यंत येतील. तोवर गप्पा मारू अशाच." आम्ही दाराच्या दोन बाजूंना बसून गप्पा मारल्या. ती हसत होती. माझं डोकं फिरलं होतं.

"काकू, तू एक किल्ली कापून का घेत नाहीस? तुझ्या हातचा मळ आहे तो."

"त्यांना आवडायचं नाही."

"कळणार कसं त्यांना?"

"मला कळेल ना," ती म्हणाली.

तर जहाजाच्या सहलीचं. काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, चांगल्या नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, छकुली झाली, आणि एक दिवस त्याच्या डोक्यात आलं की आईबाबांना जहाजाने फिरवून आणायचं. काकांनी आधी नन्नाचा पाढा लावला. काकूही नकोच म्हणत होती. मग मी टेबलावर नकाशा पसरला आणि जहाज कुठे कुठे थांबतं त्यावर बोट फिरवलं. एका बंदराचं नाव ऐकून काकू उठून उभी राहिली.

त्या बंदरापासून दोनेक तासांवर तिची थोरली बहीण राहत होती. आम्ही सगळे तिला ताईमावशी म्हणतो. लग्न होऊन परदेशी गेली ती तिकडचीच झाली. त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारपणात ताईमावशीला येता आलं नाही. रोज फोन करून विचारायची, औषध दिलं का, डॉक्टर काय म्हणाले. काकू रात्रंदिवस आईच्या उशाशी, जागरणाने अर्धी झालेली. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "तुला काय, लांब बसून विचारायला काही लागत नाही." आई गेली. त्यानंतर दोघी फोनवर बोलायच्या, पण हवापाण्याचं, गुडघेदुखीचं, पोराबाळांचं. ते वाक्य तसंच राहिलं. काकूला ते समोर बसून, हात धरून परत घ्यायचं होतं. फोनवर ती कितीदा तिथपर्यंत आली आणि मागे फिरली, ते मला तिनेच सांगितलं. आता ताईमावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, विमानात बसणं शक्य नव्हतं, पण तिचा मुलगा तिला गाडीने बंदरावर आणणार होता. काकूने सहलीला होकार दिला तो एवढ्या एका थांब्यासाठी. बाकी समुद्र, जहाज, डोंगर तिच्या खिजगणतीतही नव्हते.

मग मी माझं पुराण लावलं. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, कारण मोठ्या बॅगा खलाशी वेगळ्या नेतात आणि त्या खोलीशी यायला संध्याकाळ होते. छकुलीचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, नाहीतर पोरगी दिवसभर तलावाच्या काठाशी बसून भोकाड पसरेल. सगळ्यांचे थोडे थोडे कपडे दोन्ही बॅगांत टाका, एक बॅग चुकलीच तर कुणी एका कपड्यावर राहायला नको. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, चार चुंबकाचे हूक न्या, ओले टॉवेल टांगता येतात. उलटीचा त्रास असेल तर खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध घ्या, तिथे हेलकावे कमी. हे काकांनी मनावर घेतलं आणि जास्तच घेतलं. त्यांनी सगळ्यात खालची, सगळ्यात मधली, खिडकी नसलेली खोली पसंत केली. "झोपायला खिडकी कशाला? आणि बाहेर काय, पाणीच तर आहे." शेजारची तशीच खोली मग मीही घेतली. दादा-वहिनी आणि छकुली दोन मजले वर, बाल्कनीच्या खोलीत.

चढायच्या दिवशी बंदरावर ही गर्दी. काउंटरवरच्या मुलीने एकेकाचा फोटो काढला, एकेक कार्ड हातात ठेवलं. माझं गळ्यात जातंय न जातंय तोच काका सगळ्यांसमोर तळहात पसरून उभे.

"आणा इकडे. हरवाल."

दादाने दिलं, वहिनीने दिलं, छकुलीने रडत दिलं. काकूने काउंटरवरून उचललं तसंच सरळ काकांच्या हातावर ठेवलं, त्यावर आपला फोटो कसा आलाय तेही बघितलं नाही. काकांनी सगळी कार्डं कातडी पाकिटात घातली, पाकिटाची दोरी गळ्यात घातली, वर शर्टाचं बटण लावलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ठेव बाई तुझं. तू ऑफिसवाली."

त्या दिवसभर आमची वरात निघाली. जेवायला काका, म्हणून सगळे जेवायला. काकांना झोप आली, सगळे खाली. दुसऱ्या दिवशी वहिनीचा पारा चढला. ती नव्या पिढीची, ती दादाशी काय बोलली ते आम्ही ऐकलं नाही, पण नाश्त्याला दादा येऊन काकांच्या पाकिटातून आपली तीन कार्डं घेऊन गेला. काका थोडा वेळ घुश्श्यात बसले, मग निवळले. पाकिटात दोनच उरली, त्यांचं आणि काकूचं.

त्या खोल्यांत एक भानगड होती. दाराजवळच्या खाचेत कार्ड खोचलं तरच दिवे लागायचे. कार्ड काढून नेलं की थोड्या वेळात सगळं बंद, आणि खिडकी नसल्यामुळे डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. काका सकाळी वर फिरायला जायचे, पाकीट गळ्यात. काकूला इतक्या लवकर वर वारा सोसायचा नाही, ती खोलीत. मी तिला सांगितलं, त्या खाचेत कुठलंही कार्ड चालतं, माझं लायब्ररीचं जुनं आहे, हे घे. काकांनी संध्याकाळी ते काढून माझ्या हातात परत दिलं. "दुसऱ्याची वस्तू कुलपात घालू नये. बिघडलं तर? जहाज त्यांचं आहे." तेव्हापासून काकू दारात चपलेचा जोड अडकवायची आणि बोळातल्या उजेडाच्या पट्टीत पलंगाच्या कडेला बसायची. बाहेर पडली तर दार मिटायचं आणि परत आत येता यायचं नाही, म्हणून बाहेरही पडायची नाही. मी विचारलं, करतेस काय बसून? म्हणाली, "ताईला काय काय सांगायचं ते मनात लावून ठेवते." समुद्रात तरंगणाऱ्या त्या प्रचंड हॉटेलात काकूने काय बघितलं असेल, तर एक बोळ. खोलीत गालिचा होता, पण तोही तिला अंधारातच बघावा लागायचा.

ते बंदर आलं. आदल्या संध्याकाळी काकू मला दोनदा विचारून गेली, फोन बंदरावर चालेल ना? मी म्हटलं, जहाजावर विमान-मोडवरच ठेव, नाहीतर बिलाने दादा रडेल, जमिनीवर पाय ठेवलास की चालू कर. ताईमावशीशी आधीच सगळं ठरलं होतं. जहाजातून उतरलं की समोर प्रवाशांचा मोठा हॉल, तिथे ती बसणार, आणि मुलाला दुपारच्या पाळीला कामावर जायचं असल्यामुळे त्याआधी निघणार. सकाळी उशिरा उठून मी वर गेले, नाश्ता केला. दादाचं कुटुंब किनाऱ्यावर वाळूत खेळायला गेलं होतं, काका-काकू हॉलमध्ये असणार, म्हटलं बहिणी-बहिणींना जरा निवांत बोलू द्यावं. मी तलावाच्या काठाशी पुस्तक घेऊन पडले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा टोपी आणायला खाली गेले, आणि काकूच्या दारात चपलेचा जोड दिसला.

मी दार ढकललं. काकू पलंगाच्या कडेला बसली होती. ठेवणीतली साडी, पायांत बूट, केसांत पिना, पर्स खांद्याला. मांडीवर ताईमावशीसाठी विणलेली शाल, घडी घालून. दिवे बंद. बोळातल्या उजेडात तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"काकू, तू अजून इथे?"

"हे बघून येतो म्हणाले. हॉल कुठे आहे, ताई आलीये का, चालायला किती आहे. मग येऊन मला नेणार आहेत."

"कधी गेले?"

"सकाळीच. येतील आता."

काकांची ही जुनी पद्धत. कुठेही जायचं तर आधी एकट्याने जाऊन वाट बघून यायची, मग काकूला न्यायचं. तिला खेटे पडू नयेत म्हणून. आणि दोन्ही कार्डं गळ्यात.

"ऊठ," मी म्हटलं. "वर काउंटर आहे, दुसरं कार्ड मिनिटात करून देतात."

"डुप्लिकेट?"

"हो, डुप्लिकेट. चल."

ती उठली नाही. "त्यांना न विचारता?"

"काकू, ताईमावशी खाली बसलीये. तिला निघायचंय दुपारी."

"मला का माहीत नाही? सकाळपासून तेच मोजत बसलेय. पण हे आले आणि मी खोलीत नसले तर? घाबरतील. शोधत फिरतील एवढ्या जहाजात." मग हळूच म्हणाली, "आणि माझ्याच कार्डाचं डुप्लिकेट मला देतील का गं? मी कोण म्हणून सांगू?"

इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल. काकांचा, काकूचा, त्या दाराचा, सगळ्याचा. दार आतून उघडत होतं. ते उघडंच होतं, चपलेने अडवून तिने स्वतः उघडं ठेवलं होतं. बाहेर माणसं ये-जा करत होती, खोल्या झाडणारा माणूस तिला दोनदा काही हवं का विचारून गेला होता, आणि तिने त्याला काही नको म्हणून सांगितलं होतं. मी तिचा दंड धरला. लहान पोरीला शाळेत ओढत नेतात तसं मी तिला बोळातून, जिन्याने वर नेलं. ती मागे वळून वळून बघत होती. काका आलेत का ते.

काउंटरवरच्या मुलीने खोलीचा नंबर विचारला. पडद्यावर काकूचा फोटो आला. मुलीने फोटो बघितला, काकूकडे बघितलं, हसली, आणि कार्ड पुढे केलं. सगळं मिळून एवढंच. मागे रांगही नव्हती. "जुनं आता चालणार नाही," मुलगी म्हणाली, "हरवलं असेल तरी काळजी करू नका." काकूने ते कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि सवयीने एक डोळा मिटून त्याची कड बघितली. कड सरळ होती, तिला कापायला काही नव्हतंच.

खाली उतरायच्या दाराशी आम्ही पोचतोय तोच समोरून काका आले. घामाघूम, शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा मात्र खुललेला.

"अगं, वर कशाला आलीस? मी येतच होतो. काय ती रांग! शेजारी दुसरं जहाज लागलंय, त्यांची माणसं आणि आपली माणसं, आणि बॅगा तपासायचं मशीन पडलं बंद. उभं राहून राहून पायांचे तुकडे पडले." मग काकूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई भेटल्या. बऱ्या आहेत. वॉकर घेऊन चालतात, पण तब्येत छान आहे. मी बसलो त्यांच्याजवळ, सगळं बोललो. तुझी खुशाली सांगितली, दुकानाचं सांगितलं, छकुलीचे फोटो दाखवले. मग तुला आणायला निघालो तर ही रांग. भाच्याची पाळी होती, ते निघाले शेवटी. रांगेतच येऊन मला सांगून गेले बिचारे. तू अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस, मी तुझ्या वतीने सगळं बोललोय."

त्यांनी खरंच मनापासून सांगितलं. तिचं काम आपण करून आलो याचं त्यांना समाधान होतं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

काकू त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही भेटलात," ती म्हणाली.

"हो ना. म्हटलं ना, बऱ्या आहेत."

"मी नाही भेटले."

"अगं पण मी..." मग तिच्या हातातलं कार्ड काकांना दिसलं. "हे काय? डुप्लिकेट कशाला केलंस? तुझं आहे ना माझ्याकडे."

काकूने मशीनवर कार्ड ठेवलं, ते वाजलं, दांडा सरकला आणि ती उतरणीवरून खाली गेली. मी तिच्या मागे. काका वरून म्हणत होते, "अगं, त्या गेल्या. आता कुणी नाहीये तिथे. उगाच दगदग."

हॉल मोठा आणि थंड होता. खुर्च्यांच्या रांगा, एका कोपऱ्यात चहा-कॉफीचा गाळा. काकू खुर्च्यांच्या मधून चालत गेली, प्रत्येक रांगेशी थांबत, जणू ताईमावशी एखाद्या खुर्चीमागे वाकून काही शोधत असेल. मग गाळ्यावरच्या बाईला तिने विचारलं, वॉकर घेतलेल्या बाई कुठे बसल्या होत्या? त्या बाईने दाराच्या अगदी समोरची खुर्ची दाखवली.

"इथे. मी म्हटलं आत बसा, इथे दार उघडलं की वारा लागतो. ऐकलं नाही. येणाऱ्या प्रत्येक बाईकडे मान उंचावून बघत होत्या. एक गृहस्थ येऊन बोलत बसले थोडा वेळ. ते गेल्यावरही बघत होत्या."

काकू त्या खुर्चीत बसली. दारातून खरंच वारा येत होता. तिने शाल मांडीवर ठेवली आणि पर्समधून आपला फोन काढून माझ्याकडे दिला. मी तो चालू करून ताईमावशीला लावून दिला आणि तिच्या शेजारी बसले. ताईमावशी गाडीत होती. तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"बरं आहे का आता तुला?" तिने पहिलं हेच विचारलं.

"मला काय झालंय?"

"भावोजी म्हणाले, अशक्तपणा आलाय, खोलीत पडून आहे, बरं वाटत असेल तर घेऊन येतो. मी म्हटलं, मला वर सोडतील का, तर नाही म्हणाले बाहेरच्यांना." मग ताईमावशी म्हणाली, "एक विचारू? खरं सांग हं. तुला यायचं नव्हतं का? आईच्या वेळचं अजून मनात आहे का तुझ्या?"

काकूचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

"ताई, नाही गं. देवाशपथ नाही. ते मीच बोलले होते, तू कुठे काय बोललीस? तेच सांगायचं होतं मला. सकाळपासून साडी नेसून बसले होते."

"मग कुणी येऊ दिलं नाही का?"

"तसं नाही. कुणी अडवलं नव्हतं," काकू म्हणाली. "मी विचारलंच नाही."

"वेडे," ताईमावशी म्हणाली. ती रडत होती. "उतरून समोर यायचं होतं फक्त. त्यात कुणाला विचारायचं होतं?"

फोन कानाशी तसाच. काचेच्या दारातून जहाजाचं उंच पांढरं अंग दिसत होतं आणि वरच्या कठड्याशी काका उभे होते, लहानसे दिसत होते. त्यांनी आम्हाला बघितलं असावं, कारण ते दोन्ही हात हलवून चला, चला अशा खुणा करत होते. जहाज सुटायला अजून पुष्कळ वेळ होता. पलीकडून ताईमावशी हॅलो, हॅलो करत होती. काकूने वर बघितलं, शाल काखेत घेतली आणि फोन कानाला तसाच धरून ती उठून जहाजाकडे निघाली.